तीन वाजताची पंगत

नूताईंबरोबर मी पहिल्यांदा कामासाठी बाहेरगावी गेलो त्या दिवशी त्यांनी मला दुपारी तीनपर्यंत उपाशी ठेवलं. आमच्या ऑफिसच्या गावाहून, बर्नाबीहून, सकाळी लवकर निघालो होतो. वाटेत घेतलेली कॉफी आणि एक डोनट एवढंच पोटात होतं, आणि साइटवरचं काम साडेबारालाच आटोपलं होतं. गावात बर्गर मिळत होते, सँडविच मिळत होती, गॅस स्टेशनवरच्या काचेच्या कपाटात सामोसेसुद्धा दिसले. मी प्रत्येक पाटीकडे आशेनं बघायचो आणि नूताई प्रत्येक पाटीसमोरून गाडी पुढे काढायच्या. शेवटी लाज सोडून मी म्हटलं, "मला भूक लागलीय." तर म्हणाल्या, "छान. सांभाळून ठेव."

नूताई आमच्या ऑफिसातल्या सगळ्यांत जुन्या फील्ड इंजिनियर. थायलंडच्या ईशान्य भागात, लाओसच्या सीमेजवळच्या एका खेड्यात जन्म, बँकॉकला शिक्षण, आणि मग लग्न करून कॅनडा. खरं नाव एवढं लांबलचक की ऑफिसच्या ओळखपत्रावर ते दोन ओळींत छापलेलं होतं. पण थाई माणसाला घरचं एक छोटं नाव असतंच, आणि यांचं होतं नू, म्हणजे उंदीर. बाळाला गोजिरवाणं नाव ठेवलं की भुताखेतांची नजर जाते, म्हणून असलं काहीतरी ठेवायचं, असं त्यांनी सांगितलं तेव्हा मी लगेच आमच्याकडचे दगडू आणि धोंडू पुढे केले. तिथून आमचं जमलं. मोठ्या बाईला नुसत्या नावानं हाक मारणं त्यांच्यात उद्धटपणाचं, नावाआधी 'पी' लावावं लागतं. मी म्हटलं, आमच्यात नावानंतर 'ताई' लावतात. ते त्यांना इतकं आवडलं की पुढे माझ्या घरी फोन केला की माझ्या बायकोला, केतकीला, त्या स्वतःच सांगायच्या, "ताई स्पीकिंग."

बुटक्या, काटक, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला आणि उन्हाळा-हिवाळा अंगात तेच मरून रंगाचं जॅकेट. स्वतःचा विनोद सांगून व्हायच्या आधीच त्यांना हसू यायचं आणि विनोद तिथेच राहायचा. कामात मात्र कडक. गावोगावच्या पाणीपुरवठ्याचे पंप चालवणारं सॉफ्टवेअर आम्ही बसवायचो. मी नागपूरहून आलेला, ऑफिसात बसून कोड लिहिणारा. पंप प्रत्यक्षात कसा दिसतो हेही मला माहीत नव्हतं. म्हणून साहेबांनी मला नूताईंच्या गाडीत बसवून दिलं.

तर त्या दिवशी पावणेतीनला एका स्ट्रिप मॉलच्या कोपऱ्यातल्या थाई रेस्टॉरंटपुढे गाडी थांबली. लंच संपल्याची पाटी दारावर लागलेली होती. नूताई ती न वाचताच आत शिरल्या, रिकाम्या टेबलांमधून थेट किचनच्या झुलत्या दारापर्यंत गेल्या आणि दार जरासं ढकलून ओरडल्या, "किन खाव रु यांग?" म्हणजे, जेवलात का? थाई माणसं भेटल्याभेटल्या हेच विचारतात. आपल्याकडेही विचारतात, पण आपण उत्तराची वाट बघत नाही. नूताई दार धरून उभ्या राहिल्या. आतून उत्तर आलं, मागोमाग हसणं आलं, आणि आम्हाला बसायला दुधाचे दोन रिकामे क्रेट उलटे करून मिळाले.

गिऱ्हाईकं गेल्यावर किचनमधल्यांची स्वतःची जेवायची ती वेळ, म्हणून भाज्या चिरायचं स्टीलचं टेबल पुसून मोकळं केलेलं होतं. मधोमध एक फुगलेलं, कडा कुरकुरीत झालेलं ऑम्लेट, कारल्याचं पातळ सूप, तळलेले सुके मासे, कच्चा कोबी आणि चवळीच्या शेंगा, आणि त्यांच्यामध्ये एका वाटीत चक्क ठेचा. त्याला ते 'नाम प्रिक' म्हणतात, पण मिरची आणि लसूण कुटून केलेली गोष्ट नागपूरच्या माणसाला कुठेही ओळखू येते. एक बाई मातीच्या उंच खलात कच्च्या पपईचा कीस बत्त्यानं कुटत होती. तिनं एका बरणीतून त्यात काहीतरी काळपट पाणी ओतलं आणि किचनभर वास पसरला. ते मुरवलेल्या माशांचं पाणी होतं. सुकट भाजताना जो वास येतो त्याचा हा थोरला भाऊ. यातली एकही वस्तू बाहेरच्या मेन्यूवर नव्हती.

मी भुकेनं कासावीस झालेलो. ताट कसं वाढून घ्यायचं हे आपल्या हाताला न बघता येतं. ठेचा डावीकडे, भाजी उजवीकडे, भात मध्ये. मी भराभर प्रत्येक पदार्थाचे दोन-दोन चमचे आपल्या प्लेटमध्ये घेऊन सगळं जागच्या जागी मांडलं आणि समाधानानं मान वर केली, तर टेबलाभोवतीचे सगळे माझ्याकडे बघत होते. खलावरची बाई, तिचं नाव दाएंग, काहीतरी म्हणाली आणि हशा पिकला.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

"विचारतेय, तुझी बस सुटतेय का."

मग नूताईंनी मला जेवायला शिकवलं. वयाची तिशी उलटलेल्या माणसाला कुणी जेवायला शिकवावं हे अपमानाचंच, पण भूक असली की माणूस शिकतो. एका वेळी एकाच पदार्थाचा एक चमचा घ्यायचा, तोही तिथं ठेवलेल्या वाढायच्या चमच्यानं. आपल्या भातावर घालायचा. उजव्या हातात आपला चमचा, डाव्या हातात काटा, काट्यानं घास चमच्यावर लोटायचा. काटा तोंडात घालायचा नाही. तो घास संपला की परत मध्ये हात न्यायचा.

"एकदम घेतलं तर काय बिघडतं?" मी म्हटलं. "जायचंय तर पोटातच."

"एकदम घेतलंस की तुझं आमच्याकडे काही काम उरत नाही," नूताई म्हणाल्या. "मग तू तिकडे कोपऱ्यात बसून खा. परत परत मध्ये यायला लागावं म्हणून तर थोडं थोडं घ्यायचं."

वाढायचा चमचा वेगळा असल्यानं माझ्या मनातला उष्ट्या-खरकट्याचा प्रश्न मिटला होता. तेवढ्यात वेताच्या टोपलीतला चिकट भात आला. त्याची बोटांनी गोळी करून ठेच्यात बुडवायची. सहा माणसांची बोटं एकाच वाटीत. मी क्षणभर थांबलो, हे नागपूरला आईला कधीही सांगायचं नाही असं ठरवलं, आणि बुडवली. तिखटाची भीती नव्हती. "आय ॲम फ्रॉम नागपूर," असं मी सगळ्यांना ऐकवलंही होतं. पुढचा बराच वेळ माझ्या डोळ्यांतून आणि नाकातून पाणी वाहत होतं आणि दाएंग माझ्या प्लेटमध्ये भात घालत होती. पाणी पिऊ नकोस, भात खा, अशी खूण करत होती. नागपूरची अब्रू गेली, पण मी त्या टेबलावरचा झालो.

परत येताना मी म्हटलं, आमच्याकडे लग्नात पंगती बसतात, आणि पंगत म्हणजे काय ते समजावून सांगितलं. नूताईंनी मध्येच विचारलं, "वाढणारे कधी जेवतात?"

"शेवटच्या पंगतीला."

"त्यांना कोण वाढतं?"

"ते आपलं आपण घेतात. एकमेकांना ओढूनताणून वाढतात. खरी धमाल त्या पंगतीत असते."

"मग माझी तीच," नूताई म्हणाल्या. तेव्हापासून आमच्या जेवणाला आम्ही तीनची पंगत म्हणायला लागलो.

त्याच प्रवासात मी सहज विचारलं की घरी काय रांधता. म्हणाल्या, कपातल्या नूडल्स. गरम पाणी ओतायचं, सिंकपाशी उभ्यानं खायचं. त्यांचा नवरा गॉर्डन मी नोकरीला लागायच्या आधीच गेला होता, मूलबाळ नव्हतं. "गॉर्डन चांगला होता. सँडविचवर वाढलेला माणूस, पण शिकला. मध्ये हात घालायला शिकला," त्या म्हणाल्या. "एकट्या माणसाला आमचं जेवण रांधता येत नाही. एक माणूस म्हणजे एक पदार्थ. मग मध्ये काय ठेवणार? आणि मध्ये म्हणजे कुणाच्या मध्ये?" हे त्यांनी रडवेल्या आवाजात वगैरे सांगितलं नाही. समोरचा ट्रक ओव्हरटेक करता करता सांगितलं.

तेव्हा मला उलगडा झाला की बाई प्रत्येक साइटवर जायला हात वर का करतात. ऑफिसात सगळ्यांना वाटायचं कामाचं वेड आहे. कुणाच्या घरी बारसं असो, कुणाची पाठ धरलेली असो, नूताई म्हणायच्या, मी जाते. बर्फ पडत असताना प्रिन्स जॉर्जपर्यंत जायला कुणी राजी नसायचं, तेव्हा यांच्या गाडीला विंटर टायर्स आधीच चढलेले असायचे. साइटवर मीटिंग लांबायला लागली की घड्याळ बघून उठायच्या, "आम्हाला अडीचला निघावंच लागेल." पुढे आणखी एखाद्या गावाचे पंप बंद पडलेत असं समजून साइटवरचे लोक बिचारे दार उघडून धरायचे.

कॅनडातल्या कुठल्याही गावात शाळा, चर्च आणि हॉकीचं रिंक असतं तसं एक थाई रेस्टॉरंटही असतंच. गिऱ्हाइकं बसतात त्या बाहेरच्या बाजूत नूताईंना काडीचा रस नव्हता. तिखट किती हवं, एक ते पाच आकड्यांत सांगा, असं वेटरनं विचारलं की त्यांचं डोकं फिरायचं. मोठ्या प्लेटमध्ये गोडसर नूडल्सचा डोंगर घेऊन एकेक माणूस आपापल्या डोंगरामागे बसलेला दिसला की म्हणायच्या, "बघ, सगळे एकत्र आलेत एकेकटं जेवायला."

पण ऑथेंटिक या शब्दाबद्दल त्यांचा काय विचार होता ते मला एका वेगळ्याच गावी कळलं. तिथं किचनचं दार ढकललं तर आत सगळे पंजाबी. मालक थाई होता म्हणे, पण दुसऱ्या गावात राहायचा. चुलीवर राजम्याचं पातेलं. मला हसू आवरेना. नूताई जागच्या हलल्या नाहीत. मला कोपरानं ढोसलं, "विचार ना, जेवलात का?" मी हिंदीत विचारलं. "आओ जी, बैठो बैठो," म्हणत एका सरदारजींनी पोळपाट बाजूला सारला. नूताईंनी राजमा-चावल दोनदा मागून घेतला आणि वर कांदा हातानं फोडून मागितला. गाडीत बसल्यावर मी चिडवलं, "काय, आज थाई जेवण बुडालं."

"का? ते लोक खरंच जे खातात तेच आपण खाल्लं," त्या म्हणाल्या. "आणखी ऑथेंटिक काय हवं तुला?"

आईची आणि त्यांची गाठ पडली ती यानंतरच्या उन्हाळ्यात. आई नागपूरहून आमच्याकडे राहायला आली होती, आणि शनिवारी दुपारी मी नूताईंना जेवायला बोलावलं. आईनं डाळीचे गोळे घालून गोळाभात केला, कढी केली, भरली वांगी केली. चार ताटं मांडली. माझं, केतकीचं, आमच्या लेकीचं, ईराचं, आणि पाहुण्यांचं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, सगळं जिथल्या तिथं. आम्ही बसलो आणि आई तव्यापाशी उभी राहिली, कारण पोळी तव्यावरून ताटात पडायला हवी, हा तिचा जन्मभराचा नेम.

नूताई हात मांडीवर ठेवून बसल्या. जेवेनात.

"हिला सांग, सुरू कर म्हणावं," आई म्हणाली.

"आजीचं ताट कुठाय, विचारतायत त्या," ईरानं सांगितलं. तेवढं मराठी तिनं आजीसाठी राखून ठेवलेलं होतं.

"माझं काय! मी मागून बसेन. तुम्ही गरम गरम खाऊन घ्या."

"शी सेज शी'ल ईट लेटर," ईरा नूताईंना म्हणाली.

"ओके," नूताई म्हणाल्या. "मी टू. लेटर."

आईनं त्यांच्या ताटात पोळी वाढली, वर तूप सोडलं. नूताईंनी मान लववून आभार मानले आणि परत हात मांडीवर. दुसरी पोळी आली. तिसरी आली. फुगलेल्या पोळ्या एकमेकींवर बसत चालल्या. पाहुणा जेवत नाही म्हणून आई आग्रह वाढवत होती, आणि रांधणारी बसत नाही म्हणून पाहुणी जेवत नव्हती. आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अरे, हिला काही आवडलं नाही का? ब्रेड आणतोस का?" माझी चांगलीच पंचाईत झाली.

शेवटी नूताई उठल्या, तव्यापाशी गेल्या, आणि हात लांब करून त्यांनी बटण फिरवलं. शेगडी बंद. आमच्या घरात आईच्या तव्याखालची आच आजवर कुणी बंद केली नव्हती. माझ्या वडिलांचीसुद्धा ती टाप नव्हती. नूताईंनी किचनच्या मधल्या ओट्यापाशी ठेवलेलं स्टूल टेबलाजवळ ओढून आणलं, त्यावर हातानं दोनदा थोपटलं आणि शेगडीशेजारून एक रिकामं ताट आणून मांडलं.

आई स्टुलाच्या कडेवर टेकली, आता उठेन मग उठेन अशा बेतानं. नूताईंनी तिच्या ताटात गोळाभाताचा पहिला चमचा वाढला आणि मगच स्वतःच्या ताटाला हात लावला. आईनं घास घेतला, जरा चावला, आणि म्हणाली, "गोळे कोरडे झालेत आज. तेलाचं मोहन कमी पडलं." दर वेळी आपल्या स्वयंपाकातलं हे बारीकसारीक तिला कळत असणारच. पण ती जेवायला बसायची तेव्हा ऐकायला कुणी नसायचं. ईरानं भाषांतर केलं. नूताईंनी गंभीरपणे एक गोळा फोडून बघितला आणि मान हलवली, हो, कोरडे आहेत. मग दोघी आपापल्या भाषेत गोळ्यांबद्दल बोलत राहिल्या आणि ईरानं भाषांतर करणं सोडून दिलं.

त्या गेल्यावर आई भांडी लावता लावता म्हणाली, "हट्टी आहे हो बाई. पोळ्या पार वातड करून टाकल्या." आणि दोन दिवसांनी, "परत कधी येणार आहे ती?"

पुढे सगळं बदललं ते अगदी साध्या कारणानं. आमचं सॉफ्टवेअर सुधारलं. मीच लिहिलेला त्यातला बराचसा भाग होता, आणि साहेबांनी माझी पाठही थोपटली. आता गावोगावच्या पंपांना बर्नाबीत बसून रिमोट लॉगिन करता येऊ लागलं. साइटवर जायची गरज उरली नाही. नूताईंना खिडकीजवळचं चांगलं डेस्क मिळालं, उंची कमी-जास्त होणारं. सगळ्यांनी अभिनंदन केलं.

ऑफिसच्या लंचरूममध्ये त्यांनी प्रयत्न करून बघितला. डब्यात लाब आणायच्या, म्हणजे खिमा, पुदिना, भाजलेल्या तांदळाची भरड आणि लिंबू, आणि डबा उघडून टेबलाच्या मध्यभागी ठेवायच्या, शेजारी एक जादा चमचा. "दिसतंय छान, बट आय ॲम गुड, थँक्स," असं म्हणत लोक आपापल्या मायक्रोवेव्हमधलं आपापलं काढून आपापल्या फोनसमोर बसायचे. मी घ्यायचो, पण दोन माणसांत एक डबा म्हणजे पंगत होत नाही, आणि माझ्याही मीटिंग बाराला असायच्या. मग सगळ्यांना एक सौम्य ईमेल आलं की कुणाकुणाला ॲलर्जी असते, तरी कृपया अन्न शेअर करू नये. त्यात कुणाचं नाव नव्हतं. दुसऱ्या दिवशी नूताईंनी डबा आणला नाही. मरून जॅकेट खांद्यावर ढिलं व्हायला लागलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "पोट भरतं रे. जेवण होत नाही."

त्या निवृत्त झाल्या तेव्हा सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की आता त्या थायलंडला परत जाणार. त्यांनीही तसंच धरलं होतं. काँडो, म्हणजे राहता फ्लॅट, भाड्यानं दिला, गावी भावाच्या घरी गेल्या. मला त्यांच्यासाठी मनापासून बरं वाटलं. तिथं रोजच मधोमध सगळं, भोवती सगळे.

पावसाळा संपायच्या आत त्या परत आल्या. आम्ही बर्नाबीत एका फूड कोर्टमध्ये भेटलो. आपापले ट्रे घेऊन समोरासमोर बसलो होतो. काय झालं, असं मी विचारलं. त्या काट्यानं भात नुसता सारखा करत होत्या.

"चांगले आहेत रे सगळे. फार चांगले. मला खुर्ची द्यायचे. ते सगळे खाली चटईवर, मी खुर्चीवर. माझी प्लेट वेगळी. काचेची. मला तिखट सोसणार नाही म्हणून माझ्यासाठी मिरची न घातलेलं वेगळं रांधायचे. वहिनी जेवायचीच नाही माझ्याबरोबर. मी उठून भात आणायला गेले की सगळे ओरडायचे, तुम्ही बसा, तुम्ही बसा." मग त्या थोडं हसल्या, पण या वेळी त्यात विनोद नव्हता. "कॅनडाची पाहुणी झाले मी. कितीही दिवस राहिले असते तरी पाहुणीच."

आमच्याकडे या, असं म्हणालो. पण आई नागपूरला परतली होती आणि आमच्या घरी एरवी कोण कधी जेवतं हे आम्हालाच माहीत नसतं, हे त्यांना ठाऊक होतं. "येईन ना," म्हणाल्या. जाताना सांगितलं की काँडो विकतेय, शहरापासून लांब, आतल्या गावांकडे कुठेतरी स्वस्तातलं बघते, पत्ता पाठवीन. पत्ता आला नाही. फोन केला तर मेसेजमध्ये एक हसरा चेहरा यायचा. त्या आजारी असतील, एकट्या असतील, सिंकपाशी उभ्या असतील, अशी काळजी मला अधूनमधून वाटायची आणि मग कामात विसरायला व्हायचं.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही तिघं रॉकी पर्वताकडे निघालो होतो. वाटेतल्या एका छोट्या गावात गाडी चार्ज करायला थांबलो. चार्जरच्या पलीकडेच एक थाई रेस्टॉरंट होतं. पुढचं दार बंद, साडेचारला उघडणार अशी पाटी. ईराला वॉशरूमला जायचं होतं, म्हणून मागच्या बाजूनं कुणी भेटतंय का बघायला मी गेलो. मागे कचऱ्याचा डंपस्टर, रिकामे क्रेट, आणि जाळीचं दार. आतून खूप माणसं एकदम बोलल्याचा आवाज येत होता.

जाळीतून टेबल दिसलं. पाच-सहाजण बसलेले, आणि माझ्याकडे अर्धी पाठ करून नूताई. केस रंगवायचं सोडलं होतं, सगळे पांढरे झाले होते. अंगात किचनचा ॲप्रन. तोंडात घास. मला एवढा आनंद झाला की मी हाक मारणारच होतो.

तेवढ्यात समोरची जाडजूड आचारीण हातातला चमचा भाताच्या कुकरकडे रोखून नूताईंवर ओरडली. नूताई भरल्या तोंडानंच काहीतरी फणकारल्या. बाकीचे हसले. आचारीण आणखी मोठ्यानं ओरडली. तेव्हा नूताई गुडघ्यावर हात टेकून कशाबशा उठल्या, बडबडत कुकरपाशी गेल्या, वाडगाभर भात काढला आणि टेबलाच्या मधोमध आदळला. तोवर कुणीतरी त्यांच्या भातावरचा ऑम्लेटचा तुकडा उचलून खाल्ला होता. मग त्यावरून भांडण जुंपलं. नूताई एकाच्या प्लेटमध्ये चमचा खुपसून त्याचं ऑम्लेट ओढत होत्या. त्यांच्या वयाकडे बघून तरी कुणीतरी उठावं, भात आणून द्यावा, तर एकालाही तसं वाटलं नव्हतं.

दारावर टकटक करायला वर केलेला हात मी तसाच धरून उभा होतो. मी आत गेलो असतो तर सगळे उठून उभे राहिले असते. नूताईंच्या जुन्या ऑफिसातला माणूस आलाय म्हणून खुर्ची आली असती, नवी प्लेट आली असती, आणि नूताई माझ्या शेजारी पाहुण्यासारख्या बसल्या असत्या. पत्ता पाठवून त्यांनी मला बोलावलं नाही याचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण पाय मागेच वळले.

गाडीपाशी आलो तर केतकीनं काच खाली केली. "काय रे, उघडं आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "जेवायला बसलेत."